घरखर्चाची वही : चाके बदलण्यापूर्वी माप घ्या



या सदरात आपण आजवर रेशनकार्ड, पोस्टाचे खाते, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचे कागद अशा विषयांवर बोललो. आजचा विषय मोटारीच्या चाकांचा आहे. काही जण म्हणतील, आमच्या घरी कुठली आली मोटार? पण आपल्याच वस्तीत संध्याकाळी एक फेरी मारून पाहा. गल्लीच्या तोंडाशी चार-पाच पांढऱ्या गाड्या उभ्या दिसतील. त्या हौसेच्या नाहीत, पोटाच्या आहेत. कुणाचा मुलगा कंपनीच्या कामगारांची ने-आण करतो, कुणाचा जावई विमानतळाच्या फेऱ्या मारतो, कुणी शाळेची मुले सोडतो. एखाद्या गाडीत बापाची ग्रॅच्युइटी असते, एखादीत आईच्या पाटल्या असतात आणि बाकीचे फायनान्सचे कर्ज असते. अशा गाडीचे एक चाक जरी बिघडले तरी महिन्याचा हप्ता डगमगतो. म्हणून हा विषय घरखर्चाच्या वहीतलाच आहे.

आणि एक कबुलीही द्यायची आहे. या विषयात माझी स्वतःची चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कोरडे वाटणार नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाने जुनी स्विफ्ट डिझायर घेतली. भाऊजी महापालिकेतून निवृत्त झाले, त्यांच्या पैशातला मोठा वाटा त्यात गेला. गेल्या उन्हाळ्यात गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले. भाचा एका रविवारी माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, नवीन चार टायर घ्यायचे तर बराच खर्च आहे. कुर्ल्याला एका दुकानात होंडा सिटीची चार अलॉय चाकं मिळतायत, टायरसकट. सोळा हजार सांगतो. आपली जुनी लोखंडी चाकं घेऊन चार हजार कमी करतो. टायर अजून निम्म्याहून जास्त आहेत. गाडी पण चांगली दिसेल, गिऱ्हाईक खूश."

मी बी.कॉम. झालेला माणूस. बावीस वर्षे कचेरीत बिले तपासतो. कागद घेतला, दोन रकाने आखले, इकडे नवे टायर, तिकडे जुनी चाके. बाराशे-पंधराशे रुपये वाचत होते. मी म्हणालो, "घे." पैसे किती हा प्रश्न मी विचारला. ती चाके त्या गाडीला बसतात का, हा प्रश्न मी विचारलाच नाही. भाच्याने दुकानदाराला विचारले होते. तो म्हणाला होता, "चार होल की गाडी है, चार होल का व्हील है. आंख बंद करके लगाओ." तीन चाके दुकानदाराने घेतली आणि एक लोखंडी चाक नशिबाने स्टेपनी म्हणून डिकीत राहिले.

पंधरा दिवसांनी इगतपुरीकडे नात्यातला साखरपुडा होता. गाडीत बहीण, भाऊजी, माझी पत्नी, मी आणि चालवायला भाचा. भिवंडी सोडल्यावर गाडीने वेग घेतला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. बहीण म्हणाली, "रस्ताच खराब आहे." आम्हीही तसेच धरून चाललो. शहापूरच्या पुढे मागच्या डाव्या चाकातून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. मी म्हणालो, "बाळा, बाजूला घे." रस्त्याकडेला एक पंक्चरवाले वयस्कर चाचा होते. त्यांनी नटाला पाना लावला आणि माझ्याकडे बघितले. चार नटांपैकी दोन नट पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरत होते.

चाचांनी चाक काढून मला वाकून बघायला सांगितले. गाडीचा हब आणि चाकाचे मधले भोक यांच्यात नख जाईल एवढी फट होती. नट जिथे चाकावर टेकतो त्या जागी फक्त एक बारीक गोल ओरखडा होता, म्हणजे नट पूर्ण टेकतच नव्हता. ते म्हणाले, "साहब, घाट चढने से पहले रुक गए, अच्छा किया." पुढे कसाऱ्याचा घाट होता. गाडीत माझी बहीण होती, बायको होती. त्या दिवशी मला जे वाटले ते लिहून सांगता येणार नाही.

त्या चाकाच्या जागी स्टेपनी लावली, बाकीचे नट आवळले. बायका आणि भाऊजींना एस.टी.ने पुढे पाठवले. मी आणि भाचा तीसच्या वेगाने परत आलो. साखरपुडा आमच्याशिवाय झाला. असो. पण त्या दिवसापासून मी हा विषय शिकायला घेतला. गाडीबरोबर मिळणारे पुस्तक वाचले, आमच्या भागातल्या मिस्त्रीजवळ बसलो, टेप घेऊन स्वतः मोजले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो. यात सातवीच्या गणितापलीकडे काही नाही.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर एक आकडा असतो. आमच्या डिझायरच्या मूळ टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असे आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ही मिलिमीटर नव्हे, रुंदीचे टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ८५ हा भाराचा क्रमांक आहे आणि टी हे वेगाचे अक्षर.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे आहेत, म्हणून माणूस गोंधळतो. एक एक करून सोडवू. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. ही एका बाजूच्या भिंतीची उंची. चाकाच्या वर एक भिंत आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २६४ मिमी. रिम १४ इंच, एक इंच म्हणजे २५.४ मिमी, तेव्हा ३५५.६ मिमी. दोन्हींची बेरीज ६१९.६ मिमी. हा झाला पूर्ण चाकाचा व्यास.

आता त्याच डिझायरच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच १८५/६५ आर १५ टायर दिलेला आहे. तोच हिशेब करा. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवा. बेरीज ६२१.५. रिम एक इंचाने वाढली, पण पूर्ण चाक दोन मिलिमीटरनेही वाढले नाही. हीच यातली मेख आहे. रिम मोठी घ्यायची तर टायरची भिंत तेवढी बुटकी हवी, म्हणजे बाहेरचा व्यास तोच राहतो.

आम्ही घेतलेल्या चाकांवर १७५/६५ आर १५ टायर होते. त्यांचा व्यास ६०८.५ मिमी, म्हणजे मूळपेक्षा ११ मिमी कमी, शेकडा १.८. जाणकार लोक साधारण ३ टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतात. त्यामुळे या बाबतीत आमची चाके नापास नव्हती. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक लहान झाले की त्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. महिन्याला मीटरवर ३००० किमी पडत असतील तर त्यातले सुमारे ५४ किमी गाडी धावलेलीच नसते. बाहेरगावच्या भाड्याला आपण मीटरवरच्या किलोमीटरने पैसे घेतो. म्हणजे न धावलेल्या अंतराचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले. जाणूनबुजून नसेल, पण गेले. उलट चाक मोठे झाले तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. आपण समजतो ऐंशी आणि गाडी पंच्याऐंशीने पळते. ब्रेक लावताना तो फरक कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

भार आणि वेग

८५ हा क्रमांक सांगतो की योग्य हवा असताना एक टायर ५१५ किलो भार पेलतो. ८४ म्हणजे ५०० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, ७९ म्हणजे ४३७ किलो. वेगाच्या अक्षरात एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. कुणी म्हणेल, एवढ्या वेगाने आम्हाला जायचेच नाही. खरे आहे, पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो त्याचीही खूण आहे. नियम साधा ठेवा. कंपनीने दिलेल्या क्रमांकाच्या आणि अक्षराच्या खाली जायचे नाही, वर चालेल. आमच्या जुन्या अलॉयवरच्या टायरचा क्रमांक ८४ होता, मूळपेक्षा एकाने कमी. आपल्या गाडीत पाच माणसे, वर सामान, डिकीत गॅसची टाकी. भाराच्या बाबतीत काटकसर नको.

आपल्या गाडीला मूळ माप कोणते, हे चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील चिकटपट्टीवर लिहिलेले असते, हवेचे आकडेही तिथेच असतात. पट्टी निघाली असेल तर गाडीच्या पुस्तकात पाहा. गाडीवर आत्ता जो टायर आहे त्यावर विसंबू नका, आधीच्या मालकाने भलताच टायर घातलेला असू शकतो. एकाच गाडीच्या निरनिराळ्या मॉडेलांना निरनिराळी मापे असतात, हेही लक्षात ठेवा.

"चार होल" म्हणजे सगळे नव्हे

आता रिमकडे येऊ. नट जिथे बसतात ती भोके एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला बाजारात पीसीडी म्हणतात. चार भोकांच्या चाकात मोजणे सोपे आहे. एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत टेप धरा. जो आकडा येईल तोच पीसीडी. डिझायरला तो १०० मिमी आहे. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोके नसतात, तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर घेऊन त्याला १.७ ने गुणा.

इथे एक सापळा आहे. फियाटच्या पुंटो, पालिओ या गाड्यांना चार भोके आणि ९८ मिमी पीसीडी आहे. टेपने ९८ आणि १०० यांतला फरक चटकन कळत नाही. नट ओढून आवळले की चाक बसल्यासारखे वाटते, पण नट तिरके टेकतात आणि स्टडवर सतत ताण राहतो. म्हणून टेपवर भागवू नका. चाकाच्या मागे कोरलेला आकडा वाचा किंवा मिस्त्रीकडच्या व्हर्नियरने मोजून घ्या. दोन मिलिमीटरला "चालतंय" म्हणू नये.

मधले भोक

आमची खरी चूक इथे झाली. डिझायरच्या हबचे माप ५४.१ मिमी आहे. होंडा सिटीच्या त्या चाकांचे मधले भोक ५६.१ मिमी. पीसीडी दोन्हींचा १००, म्हणून चार नट चार भोकांत अगदी नीट गेले. पण मध्ये चोहीकडून एक एक मिलिमीटर फट राहिली. चाक हबवर बसून मध्यावर येत नव्हते, सगळे नटांच्या भरवशावर होते. चाक केसभर जरी मध्यापासून सरकले तरी वेगात ते थरथरते. स्टिअरिंग थरथरत होते ते रस्त्याने नव्हे, यामुळे.

भोक मोठे असेल तर फट भरणारी बांगडीसारखी कडी मिळते, तिच्यावर आतले आणि बाहेरचे माप लिहिलेले असते. आमच्या बाबतीत ५६.१ ते ५४.१ अशी कडी हवी होती. दुकानदाराने ती दिली नाही आणि आम्हाला मागायची अक्कल नव्हती. उलट चाकाचे भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. मग कुणी घासून भोक मोठे करून देतो म्हणेल. त्याला हात जोडा आणि निघा.

नट

चाकाच्या नटात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आटे. डिझायरचा स्टड १२ मिमी जाडीचा, आट्यांचे अंतर १.२५ मिमी. होंडा आणि ह्युंदाई यांचाही स्टड १२ मिमीच, पण आट्यांचे अंतर १.५ मिमी. दिसायला दोन्ही नट सारखे. चुकीचा नट दोन फेरे जातो आणि अडतो. अडलेला नट पान्यावर पाय ठेवून आवळला की स्टडचे आटे गेले. म्हणून नट आधी नेहमी हाताने फिरवा. १.२५ आट्याचा नट निदान नऊ-दहा फेरे सहज गेला पाहिजे. तीन-चार फेऱ्यांतच घट्ट झाला तर थांबा.

दुसरी, नटाची बैठक. नटाचे जे तोंड चाकावर टेकते ते काही गाड्यांत निमुळते असते, काहींत चेंडूसारखे गोलसर. होंडाच्या मूळ चाकांत गोलसर बैठक असते. आमचे नट डिझायरचे, निमुळते. गोल खळग्यात निमुळता नट बसवला तर तो सगळीकडून टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. कितीही आवळा, गाडी चालली की तो सैल पडतो. शहापूरजवळ दोन नट हातात आले त्याचे कारण हे. दुकानदार "चार होल" म्हणाला ते खोटे नव्हते, फक्त अपुरे होते.

आणखी एक. अलॉय चाकाचा नट आणि लोखंडी स्टेपनीचा नट निराळा असेल तर स्टेपनीचे चार नट पिशवीत घालून डिकीत ठेवा. रात्री रस्त्यात पंक्चर झाले की मग आठवून उपयोग नाही.

चाक आत किती, बाहेर किती

रिमच्या मागे ५.५ जे असा आकडा असतो, ती रिमची रुंदी इंचात. टायर आणि रिमची रुंदी एकमेकांना साजेशी हवी. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ टायरला साधारण ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवणे ही हौशी मुलांची फॅशन आहे, पण खड्ड्यात तो टायर रिमवरून सुटू शकतो.

त्याच्याजवळच ईटी ४५ असे काहीतरी कोरलेले असते. रिमच्या बरोबर मध्यापासून, हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक गाडीबाहेर येते, वाढला की आत जाते. समजा जुनी रिम ५ इंच रुंद, ईटी ४५ आणि नवी ६ इंच रुंद, ईटी ३८. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. शिवाय ईटी ७ ने कमी. तेव्हा चाक बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ७, म्हणजे १९.७ मिमी येणार. आतल्या बाजूला १२.७ वजा ७, म्हणजे ५.७ मिमी जाणार. आता गाडीखाली वाकून बघा. बाहेर मडगार्डपर्यंत वीस मिमी जागा आहे का? आत शॉकॲब्सॉर्बरपर्यंत सहा मिमी जागा आहे का? शिवाय बाहेर आलेल्या चाकाने बेअरिंगवर जादा ताण येतो, ते खर्च नंतर निघतात. कंपनीच्या ईटीच्या जवळ राहावे, हे सगळ्यात बरे.

पैसे देण्यापूर्वी बसवून बघा

माप जुळले तरी बसवून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी जॅकवर घ्या. पुढचे चाक नटाशिवाय नुसते हबवर सरकवा. ते हबवर घट्ट बसले पाहिजे, डुगडुगता कामा नये आणि मागची बाजू पूर्ण टेकली पाहिजे. मग नट लावून चाक हाताने फिरवा, ब्रेकच्या भागाला कुठे घासते का ऐका. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून आतल्या प्लास्टिकला लागते का पाहा. मग गाडी खाली घेऊन त्यात पाच माणसे बसवा आणि गतिरोधकावरून हळू न्या. रिकामी गाडी घासत नाही, भरलेली घासते, आणि आपली गाडी तर भरलेलीच चालते.

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, एकापाठोपाठ एक गोल फिरून नाही. चाक जमिनीवर टेकल्यावर पुस्तकात दिलेल्या जोराने शेवटचे आवळून घ्यायचे. ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा एकदा आवळायचे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यायची.

जुना माल घेताना

टायरवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि कसाही दिसत असला तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असा टायर कंपन्यांचा सल्ला असतो. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिमी उरली, टायर संपला. काही ठिकाणी गुळगुळीत टायरला गरम ब्लेडने कटिंग मारून नव्या खाचा पाडतात. वरून नवा दिसतो, आतला थर उघडा पडलेला असतो. मोटारीला असा टायर कधीही घेऊ नका. बाजूवर फुगवटा किंवा बारीक तडे दिसले तर तोही नको. आयएसआय चिन्ह आहे का पाहा.

रिम सपाट फरशीवर ठेवून बघा, डुगडुगते का. आतल्या बाजूने वेल्डिंगचा डाग दिसला तर ती रिम तुटून जोडलेली आहे. ट्यूबलेस टायर घालायचा असेल तर रिमही ट्यूबलेसची हवी. तिच्या आतल्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा असतो, जुन्या ट्यूबवाल्या रिमला तो नसतो.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. आपली गाडी भाड्याची, तिला फिटनेसची तपासणी असते. अपघात झाला तर विमा कंपनी चाकांवरून हरकत घेऊ शकते. तेव्हा त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनीने जे माप दिले आहे, तेवढ्यापुरताच बदल करावा. पावती घ्यावी आणि पावतीवर टायरचे माप, रिमचे माप आणि "न बसल्यास परत" हे तीन शब्द लिहून घ्यावेत. पावती देत नाही अशा दुकानात सोळा हजार मोजू नयेत.

आमचे पुढे काय झाले? आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. तीन लोखंडी चाके अजून तिथेच होती, ती परत मिळाली. अलॉय परत घेताना दुकानदाराने साडेपाच हजार कापले, पावती नव्हती म्हणून आम्हाला बोलता आले नाही. नव्याने १६५/८० आर १४ चे चार टायर घेतले, दोन स्टड बदलले. ज्या दिवशी मी बाराशे-पंधराशे वाचवले असे कागदावर लिहिले, त्याच कागदाखाली नंतर साडेपाच हजारांचा तोटा लिहिला. त्यातले निम्मे मी भाच्याला दिले. तो घेत नव्हता. "मामा, चूक माझी पण आहे," म्हणाला. मी म्हणालो, "तू मला विचारायला आला होतास. विचारणाऱ्याला उत्तर देणाऱ्याचीही जबाबदारी असते."

आता त्याच्या गाडीच्या डिकीत एक लहान वही आहे. तिच्यात पहिल्या पानावर लिहिले आहे: टायर १६५/८० आर १४ ८५ टी. भोके ४, पीसीडी १००. मधले भोक ५४.१. स्टड १२, आटे १.२५, नट निमुळता. रिमची रुंदी आणि ईटी स्वतः चाक काढून वाचून लिहिले आहेत. खाली हवेचे आकडे. मागच्या आठवड्यात त्याच्या एका मित्राने चाके बदलायची ठरवली तेव्हा हा वही घेऊन दुकानात गेला आणि दोन दुकानांतून नाही म्हणून परत आला. बहिणीने मला फोन करून सांगितले. तिच्या आवाजात जे समाधान होते त्यापुढे साडेपाच हजारांचे मला फारसे वाटत नाही.

तुमच्याही घरी गाडी असेल तर या रविवारी हे एक पान लिहून काढा. मुलाला चाक काढायला लावा, मुलीला आकडे वाचायला सांगा, घरातल्या सगळ्यांनी मिळून गुणाकार करा. अर्ध्या तासाचे काम आहे. काही अडले तर नेहमीप्रमाणे साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्र लिहा, पत्रात गाडीचे नाव आणि साल न विसरता लिहा. मला माहीत असेल ते सांगेन, नसेल ते मिस्त्रीला विचारून सांगेन.